भिंतीबाहेरचे शेषेराव

शेषेराव वायरमन कुणाच्याही घरी आले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. गल्लीत सायकल टेकवायची, मान वर करायची, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरायचा आणि वायर जिथून जिथून गेली असेल तिथून तिथून तिच्या खालून चालत जायचं. घरातलं माणूस दारात येऊन "या अण्णा, बरे आहात का?" म्हणत उभं असलं तरी त्याच्याकडे बघायचं नाही. परसापर्यंतची फेरी झाली की मान खाली येई आणि ते म्हणत, "बरं हाय." हे 'बरं हाय' वायरीबद्दल असे. आपलीच विचारपूस झाली असं समजून "होय, देवाच्या दयेनं" असं उत्तर देणारी माणसं त्यांना फार अडाणी वाटत.

मी लग्न होऊन उदगीरहून बसवकल्याणला, गावाच्या तोंडी नुसत्या कल्याणला, आले, त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक छान ताणलेली तार दिसली. सासरी वाळत घालायची सोय चांगली आहे असा विचार करून मी माझी नवी कोरी हिरवी साडी तिच्यावर पसरली. थोड्या वेळानं गल्लीतून हाक आली, "हे कुणाचं हाय?" बाहेर जाऊन पाहते तर एक सडसडीत काळासावळा माणूस बांबूच्या टोकावर माझी साडी निशाणासारखी धरून उभा.

"ही तार वायरीच्या आधाराला हाय बाई, धुण्याला न्हाई," तो म्हणाला. "आज तुमी तिच्यावर साडी टाकलाव. उद्या ती तुमाला खाली टाकंल."

सगळी गल्ली ऐकत होती. नव्या नवरीची इतकी शोभा त्या गल्लीत त्याआधी झाली नसावी. मी साडी ओढून घेतली आणि या माणसाशी आयुष्यात बोलायचं नाही असं ठरवलं. पुढची दहा वर्षं मी त्यांच्याशी जितकं बोलले तितकं माझ्या सख्ख्या दिरांशी बोलले नाही.

शेषेरावांच्या मते वायरीला तीन वैरी. ऊन, पाणी आणि रंगारी.

उन्हाचा राग त्यांना आमच्यामुळे जास्त यायचा, कारण आमची लांब भिंत पश्चिमेला. त्या काळची वायर रबराची, वर सुताची वीण. चार उन्हाळे खाल्ले की वीण विरायची आणि आतलं रबर शिळ्या भाकरीसारखं तुटायला लागायचं. शेषेराव शिडीवर चढून ते दोन बोटांत चुरडून आम्हाला दाखवायचे. कल्याणातली घरं ते आडनावानं ओळखत नसत. आम्ही 'पश्चिमवाले' होतो. बाजारात एकदा त्यांनी माझी ओळख एका परक्या बाईंना करून दिली ती अशी, "ह्या शाळेतल्या बाई. पश्चिमवाल्या. ऊन लई खातंय त्यांचं."

पाण्याविषयी त्यांना राग होता तसा थोडा आदरही होता. "पाणी शहाणं असतंय," ते म्हणत. "दारातनं येत न्हाई ते. वायर धरून येतंय." म्हणून वायर भिंतीत शिरण्याआधी ते तिला वीतभर खाली लोंबती ठेवत आणि मग वर नेऊन आत घालत. वायरीवरून घरंगळत आलेलं पाणी त्या लोंबत्या जागी खाली टपकून जाई. त्या जागेला ते 'थांबा' म्हणत. "हितं पाण्यानं उतरायचं. फुडं गाडी जात न्हाई."

आणि जिथे जोड असेल तिथे टोपी. गोडेतेलाचे रिकामे डबे कापून, वाकवून, दोन्ही बाजूंनी डांबर फासून ते या टोप्या बनवत आणि प्रत्येक जोडावर ठोकत. अर्ध्या कल्याणच्या भिंतींना शेषेरावांच्या काळ्या टोप्या होत्या. मी शाळेत पहिलीच्या वर्गाला घराचं चित्र काढायला सांगितलं तर निम्म्या पोरांनी छपराखाली काळा ठिपका काढला. बिदरहून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय, पाकोळीचं घरटं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "टोपी!" साहेबांनी शेरा लिहिला की मुलांचं निरीक्षण चांगलं आहे. मी तो शेषेरावांना वाचून दाखवला, तर ते म्हणाले, "थांबा काढला का पोरांनी? न्हाई ना? मग अर्धंच शिकवलाव तुमी."

तिसरा वैरी रंगारी. दसऱ्याआधी गावभर चुना लागायचा आणि रंगाऱ्याचा कुंचला भिंत, वायर असा भेद करत नाही. चुना सुताच्या विणीत मुरला की पावसाळ्यात ती वीण ओल धरून बसते. म्हणून त्या आठवड्यात शेषेराव सायकलीला ओलं फडकं अडकवून गस्त घालायचे. रंगारी पुढे, शेषेराव मागे. शेषेराव बौद्ध. त्यांच्या वस्तीत एप्रिलच्या जयंतीआधी चुन्यात नीळ घालून घरं रंगवत, तेव्हा तिथेही हे फडकं घेऊन फिरत. जयंतीच्या मिरवणुकीत सगळे निळे फेटे बांधून पुढे आणि हे मागे कुठेतरी भिंत पुसत उभे, असं त्यांच्या बायकोनं, कौसल्याअक्कांनी, मला हसत हसत सांगितलं होतं.

या बाबतीत त्यांनी पोटच्या लेकीलाही सवलत दिली नाही. तिला मंठाळचं स्थळ आलं. चार माणसं मुलाचं घर बघायला गेली, त्यात हे. बाकीचे आत बैठकीवर पोहे खात होते आणि मुलीचा बाप घराला प्रदक्षिणा घालत होता. परत आल्यावर कौसल्याअक्कांनी विचारलं, "पोरगं कसं हाय?"

"पोरगं असंल चांगलं," हे म्हणाले. "मीटरपाशी जोड उघडा हाय."

आठवडाभर त्या घरात चूल रागातच पेटत होती. शेवटी शेषेराव डब्याची एक टोपी घेऊन मंठाळला गेले, ती व्याह्यांच्या जोडावर ठोकून आले आणि मगच सुपारी फुटली. लेक पुढे जावयाच्या नोकरीपायी गुलबर्ग्याला गेली.

एवढं सगळं खरं, पण हा माणूस घराच्या आत येत नसे. काम ओट्यावरून, गल्लीतून, शिडीवरून. चहा दिला तर ओट्याच्या पायरीवर बसून. त्यासाठी हत्यारांच्या पिशवीत पक्कड, टेस्टर आणि काळी टेप यांच्या शेजारी त्यांचा स्वतःचा पितळी पेला असे. तो काढून पुढे करायचे, चहा पिऊन झाला की नळावर विसळून परत पिशवीत. स्वयंपाकघरातलं बटण बिघडलं म्हणून मी बोलावलं तरी तेच. "आतलं काम माझं न्हाई. माझं भाईरचं." आतल्या कामाला उमरग्याहून दुसरा वायरमन यायचा.

मला याची गंमत वाटायची. शाळेत मधल्या सुट्टीत मी नक्कल करून दाखवायची, "आमचे वायरमन फार सोवळे हो! दुसऱ्याच्या कपाला तोंड लावत नाहीत." सगळ्या बाया हसायच्या. मी सातवीला नागरिकशास्त्र शिकवत होते हे इथे सांगून ठेवते.

आमच्या भिंतीवर मात्र त्यांचा जरा जास्तच लोभ. इतर घरांना वर्षातून दोन फेऱ्या, आम्हाला महिन्याला एक, पावसाळ्यात आठवड्याला. मीटर आणि मेन स्विच ओट्यावर लाकडी पेटीत होते. तिथून वायर पश्चिमेच्या भिंतीवरून बाहेरूनच मागे जायची आणि माजघरापाशी भिंतीत शिरायची. त्या भोकावर गावातली सगळ्यात मोठी टोपी होती, दोन डब्यांची. शेषेराव शिडी लावून टोपीखाली हाताची मागची बाजू टेकवत आणि तापाचं पोर तपासावं तसे थांबत.

"आमच्या भिंतीत काय पुरून ठेवलंय का अण्णा?" मी एकदा विचारलं.

"हाय थोडं," ते म्हणाले आणि उतरले.

जाताना ठरलेला प्रश्न, "अव्वा कुठं बसत्यात?"

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. त्या जिथे बसायच्या ती जागा माझ्या लग्नाआधीपासून ठरलेली होती. माजघरात, पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून, पुढ्यात ज्वारीचं सूप. शेषेराव बाहेरून म्हणायचे, "खांबापाशी बसा म्हणावं त्यांना. भिंतीला टेकू नका." आणि अव्वा आतून, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "माझ्या घरात मी कुठं बसायचं ते आता वायरमन सांगणार!" हा संवाद दहा वर्षं भिंतीच्या आरपार चालला. अव्वा जागा बदलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्या वर्षी शेषेरावांच्या लेकीचं बाळंतपण होतं. ते आणि कौसल्याअक्का गुलबर्ग्याला गेले आणि वीसेक दिवस आलेच नाहीत. इकडे गणपती उठले आणि झड लागली. पाच दिवस सूर्य नाही. आमचे हे आडतीच्या कामासाठी सोलापूरला गेलेले. शाळेला सुट्टी दिली होती. सकाळी दहाच्या सुमाराला अव्वा माजघरातून ओरडल्या, "अगं, पाठीत मुंग्या आल्या! ह्या हातात बी!"

मी वात समजून तेल चोळलं. अव्वा परत भिंतीला टेकल्या आणि परत ओरडल्या. तेव्हा मी त्यांना म्हणाले, "भिंतीला काय दात आहेत का अव्वा?" आणि खात्री करून द्यायला स्वतःचा तळवा भिंतीवर ठेवला. भिंतीला दात होते. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि मी मागे सरकले.

तेवढ्यात बाहेर सायकल वाजली. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेले शेषेराव आदल्या संध्याकाळीच गावी परतले होते आणि पहिली फेरी आमच्याकडे होती. आज वर बघत फिरणं नाही. सरळ त्या टोपीपाशी जाऊन त्यांनी ओल्या भिंतीला टेस्टर लावला, पाहिलं, जवळजवळ पळत ओट्यावर आले आणि आधी मेन ओढला. मग हाक मारली, "बाई! अव्वाला भिंतीपासनं उठवा!"

"उठवलं," मी म्हणाले. "भिंत चावतेय."

ते ओट्याच्या टोकाशी गेले. खोळ काढून, पागोळ्यांखाली उभे राहून त्या दोन डब्यांच्या टोपीकडे बघत राहिले. टोपीच्या कडेचं डांबर तडकून भिंतीपासून सुटलं होतं.

"काढा ती टोपी आणि दुरुस्त करा," मी दारातून म्हणाले.

"टोपीखाली काय न्हाई बाई. बिघाड आत हाय. भिंतीच्या मधी."

"मग आत या."

"उमरग्याच्या वायरमनला बोलवून घ्या. तवर मेन बंद ठेवा."

"या पावसात उमरग्याची गाडी येईना झाली आहे. आणि यांना सोलापूरहून यायला दोन दिवस. कुणीतरी विसरून मेन चालू करील, अव्वा तिथेच टेकणार. तुम्ही समोर उभे आहात आणि उमरग्याला कामून पाठवायलाव मला?"

शेषेरावांनी वळून माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. अव्वा खांबापाशी उभ्या होत्या. अव्वांनी सुपातली ज्वारी निवडायला घेतली, उभ्यानंच.

मग शेषेराव बोलले. भिंतीकडे बघत, एखाद्या कामाची माहिती द्यावी तसं.

"म्हैसूर राज्य झाल्यावर काही वर्सांनी हितं लाईट आली. आप्पांनी मलाच बोलावलं." आप्पा म्हणजे माझे सासरे, मी येण्याआधीच वारलेले. "भला माणूस. म्हणले, शेषेराव, भाईरचं तू कर, आतलं उमरग्याचा करंल. मी म्हणलो, बरं. तवा समदेच तसं सांगत. आमच्या वस्तीत, मोमीनपुऱ्यात मी आतलं बी करायचो. हिकडं भाईरचं. मग मी म्हणलो, भाईरचंच आसं करू की कुणी नाव ठेवू नये."

पावसाचा आवाज चालू होता. अव्वांचे हात सुपात थांबले होते.

"भोक आतनं उमरग्याचा पाडणार होता. त्याच्यासाठी वायर किती सोडायची? मी आपली एक हात सोडली. आमच्या घराची भिंत एक हात. तुमची दोन हात निघाली. मी कधी आत आलो न्हाई, मला काय ठाव? आत गेल्याबिगर भिंत किती जाड हाय ते कसं कळंल माणसाला? उमरग्याचा मला नंतर बसअड्ड्यावर भेटला. हसायला लागला. म्हणला, तुझी वायर तोकडी पडली, मी जोड मारला आन भिंतीत ढकलला."

भिंतीच्या पोटात जोड. कुणाला दिसणार नाही, कुणाचा हात पोचणार नाही असा. आणि त्याच्या या बाजूला अव्वांची पाठ.

"मग सांगितलं का नाही इतकी वर्षं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि तो त्यांच्यावर चढायला नको होता.

"आप्पा उमरग्याच्यालाच बोलवले असते. तो आनखी एक जोड मारून गेला असता. मग मी टोपी घातली. म्हणलो, पाणी जाऊ द्यायचं न्हाई, मग जोड काय करतोय? बावीस पावसाळे जाऊ दिलं न्हाई बघा. ह्या सालीच लेकीकडं गेलो." त्यांनी हातातली ओली खोळ पिळली. "चूक माझीच हाय बाई. वायर मी तोकडी सोडली."

या सगळ्या प्रकरणात बावीस वर्षं विचार करून त्यांना एवढी एकच चूक सापडली होती. मला त्या पितळी पेल्याची आठवण झाली, माझ्या नकलेची झाली आणि शाळेतल्या त्या हसण्याची झाली. मला इतकी लाज वाटली की 'आत या' हे दोन शब्दसुद्धा पुन्हा तोंडातून फुटेनात. आणि ते माझ्या म्हणण्यानं येणारही नव्हते. ते अव्वांकडे बघत होते.

अव्वांनी सूप खाली ठेवलं. पदर नीट केला. आता या माफी मागणार, असं मला वाटलं. पण आमच्या अव्वांना तुम्ही ओळखत नाही.

"भिंतीचं माप चुकतंच कसं म्हणते मी माणसाचं!" त्या कडाडल्या. "एवढा हुशार वायरमन म्हणवतोस! आत ये. आतनं मोज नीट."

एरवी मी या बोलण्यावर अव्वांशी भांडले असते. पण 'आत ये' म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि तो शेषेरावांनीही ऐकला.

त्यांनी पायरीवर चपला काढल्या. चुना पुसायच्या त्या फडक्यानं पाय पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिले. मग उंबऱ्याच्या आत आले, माजघरात जाऊन उभे राहिले आणि वायरीकडे न बघता भिंतीवर तळवा ठेवला.

"पिवळी हाय व्हय," ते म्हणाले.

"काय?"

"भिंत. मला वाटायचं आतनं बी पांढरीच असंल."

बाहेरून त्या भिंतीचा एकेक पोपडा, एकेक चीर त्यांना पाठ होती. मी डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला.

भिंतीचं माप निघालं दोन हात चार बोटं. दुपारपर्यंत त्यांनी जुना जोड ओढून काढला. टेप वितळून गोळा झालेली, सूत काळं आणि ओलं. तो त्यांनी अव्वांना दाखवला आणि अव्वांनी सापाचं पिल्लू बघावं तसा लांबून पाहिला. मग बाहेरच्या बाजूला उतार देऊन भोकात नळी बसवली, म्हणजे चुकून आलेलं पाणीही बाहेरच पळावं, आणि मीटरपासून माजघरापर्यंत नवी प्लॅस्टिकची वायर नेली. अखंड, मधे जोड नाही. चहा मी आमच्याच कपबशीतून दिला, शेजारी भज्यांची बशी. त्यांचा हात सवयीनं पिशवीत गेला, आत थोडा वेळ राहिला आणि रिकामा बाहेर आला. अव्वांनी बशीत आणखी एक भजं टाकलं.

जाताना त्यांनी ती दोन डब्यांची टोपी उपटून सायकलीला बांधली. मी विचारलं, "आता टोपी नको?"

"जोडच न्हाई. आता काय करायची?"

आणि खरंच, आता काय करायचं होतं? मग शेषेराव आमच्याकडे यायचे थांबले. इतर घरांसारख्या आम्हालाही वर्षातून दोनच फेऱ्या. रोज गल्लीतून सायकलीवर जायचे, आमच्या भिंतीकडे एक नजर टाकायचे, "बरं हाय" म्हणायचे आणि पुढे. कामाशिवाय कुणाच्या घरी जायची त्यांना सवयच नव्हती. ती आम्ही कुणी लागू दिली नव्हती.

दसरा गेला. ऊन पडलं. अव्वा परत आपल्या भिंतीला टेकून बसायला लागल्या होत्या, पण त्यांचं ज्वारीत लक्ष नसायचं. कुणाची सायकल वाजली की मान वर. आठ दिवसांत तीनदा त्यांनी विचारलं, "त्याच्या लेकीचं बाळ कसं हाय म्हणे?" मी म्हणाले, मला काय माहीत.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात त्यांचं स्वतःचं धुतलेलं लुगडं होतं.

"मेन बंद कर," त्या म्हणाल्या, "आन हे पश्चिमेच्या तारंवर वाळत घाल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"घाल म्हणते ना. त्याची यायची येळ झाली."

मी मेन ओढला, दोनदा खात्री केली आणि दहा वर्षांनी त्या तारेवर पुन्हा कापड पसरलं. अर्धा तासही गेला नाही. गल्लीत सायकल करकचून थांबली आणि ओळखीचा आवाज आला, "हे कुणाचं हाय?"

मी उठणार, तोच अव्वांनी मला हातानं बसवलं.

"माझं हाय," त्या आतून म्हणाल्या. "आत घेऊन ये."